‘सत्यघटनेवर आधारित’ म्हणजे नेमकं किती?

(जिंतूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय सिनेमाचा आहे म्हणून गर्दी जरा बरी दिसते. नुसतं ‘इतिहास’ म्हटलं असतं तर पुढच्या दोन रांगा रिकाम्या राहिल्या असत्या, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. असो. तर विषय असा, की चित्रपट सुरू होताना पडद्यावर एक पाटी येते, ‘सत्यघटनेवर आधारित’. तिच्या मागोमाग, बारीक अक्षरात, दुसरी पाटी येते. काही प्रसंग आणि पात्रं नाट्यमयतेसाठी कल्पिलेली आहेत, कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही, वगैरे. पहिली पाटी आपण वाचतो. दुसरी वाचून व्हायच्या आत निघून जाते. या दोन पाट्यांच्या मधे जी जागा आहे ना, तिथं आज आपल्याला तासभर बसायचंय.

ही चर्चा फक्त सिनेमावाल्यांसाठी किंवा प्राध्यापकांसाठी आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी २०२५ चा फेब्रुवारी-मार्च आठवावा. १४ फेब्रुवारीला ‘छावा’ आला. त्यात बऱ्हाणपूरच्या मोगली खजिन्याचा प्रसंग होता. काही दिवसांत बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं उकरायला लागले, सोनं सापडेल म्हणून. ही गोष्ट ऐकून आपण हसतो. पण त्याच मार्चमध्ये नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून दंगल झाली, आणि विधानसभेत बोलताना मुख्यमंत्र्यांनी या चित्रपटामुळे भावना पेटल्याचा उल्लेख केला. ती कबर कुठंय? खुलताबादला. म्हणजे आपल्याच मराठवाड्यात. तेव्हा चित्रपट पाहून माणूस फक्त रडून घरी जात नाही, तो काहीतरी करतो. कुणी कुदळ घेतो, कुणी दगड घेतो.

आणि चित्रपट एकदा डोक्यात बसला की तो निघत नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ घ्या, १९३६ चा. दामले-फत्तेलालांचा, विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले होते. त्यातलं बीज आणि झाडाचं ते प्रसिद्ध गाणं तुम्हाला सगळ्यांना पाठ असेल. ते गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं, त्या चित्रपटासाठी. पण आजही कितीतरी जण ते तुकोबांचा अभंग म्हणूनच म्हणतात, आणि गाथेत शोधायला गेले की सापडत नाही म्हणून गोंधळतात. यात आठवल्यांचा काय दोष? त्यांनी काम इतकं चांगलं केलं, की त्यांचंच नाव पुसलं गेलं. पण मुद्दा लक्षात घ्या. पडद्यानं एक नवी गोष्ट तयार केली आणि ती जुन्या गोष्टीच्या जागी जाऊन बसली.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल करू. चित्रपटाला कल्पना वापरावीच लागते. संभाजीराजांची कारकीर्द नऊ वर्षांची आणि चित्रपट जेमतेम अडीच-पावणेतीन तासांचा. राजे आणि येसूबाई एकांतात काय बोलले, हे कुठल्या कागदात लिहिलेलं नाही. लिहिणार कोण? तिथं लेखकाला भर घालावीच लागते. तुमच्या तालुक्यातलं चारठाणा घ्या. तिथल्या जुन्या मंदिरांतली कितीतरी शिल्पं भंगलेली आहेत. एखाद्या मूर्तीचा हात तुटलाय. कलावंतानं मातीत त्या मूर्तीची प्रतिकृती करताना हात कसा असेल याचा विचार करून तो घडवला, तर आपण त्याला नावं ठेवणार नाही. पण मूर्तीला मुळात जो हात शाबूत आहे, तो छिन्नीनं उडवून तिथं त्यानं आपल्या पसंतीचा हात बसवला तर? ते वेगळं काम झालं. जिथं कागद गप्प आहे तिथं चित्रपटानं बोलावं. जिथं कागद बोलतोय तिथं त्याचं तोंड दाबू नये. सोपं वाटतं. पण सगळी भानगड पुढंच आहे.

कारण आपण प्रेक्षक म्हणून चुका कुठं धरतो? कपड्यांत धरतो. पगडी अशी नव्हती, तलवार तशी नव्हती. ‘छावा’च्या वेळी महाराज लेझीम खेळताना दाखवले म्हणून केवढा गदारोळ झाला. शेवटी दिग्दर्शकांनी तो प्रसंग काढला. मी त्या वादात पडत नाही. पण लेझमीचा प्रसंग राहिला असता काय आणि गेला काय, संभाजीराजांच्या काळाबद्दलची आपली समज त्यानं इंचभरही हलली नसती. मला ज्या गोष्टीची काळजी वाटते ती वेगळी आहे. तारीख, पोशाख, किल्ला या गोष्टी चित्रपटवाले हल्ली बऱ्यापैकी नीट करतात. त्यासाठी माणसं नेमतात, पैसा खर्च करतात. ते घसरतात ते कारणाशी. ‘हे असं का झालं?’ या प्रश्नाच्या उत्तराशी.

नाटकाला कारण म्हणून एक माणूस लागतो. चेहरा असलेला, शक्यतो डोळे बारीक करून बघणारा. इतिहासात मात्र पुष्कळदा कारण म्हणून भूगोल असतो, महसूल असतो, पाऊस असतो, नाहीतर दुसऱ्या बाजूची हुशारी असते. यातलं काहीच पडद्यावर रागानं बघू शकत नाही. म्हणून मग फितूर शोधला जातो.

संगमेश्वरचंच बघा. फेब्रुवारी १६८९. औरंगजेबाचा सरदार शेख निजाम, म्हणजेच मुकर्रबखान. पूर्वी गोवळकोंड्याच्या चाकरीत असलेला, नंतर मोगलांकडे आलेला. तो कोल्हापूरच्या बाजूला होता. त्याला हेरांकडून बातमी लागली, त्यानं निवडक स्वार घेतले आणि सह्याद्रीतून अवघड वाटेनं झपाट्यानं येऊन संगमेश्वर गाठलं. राजे आणि कवी कलश पकडले गेले. ११ मार्चला त्यांची हत्या झाली. आता, शिर्के मंडळी आणि संभाजीराजे यांचं बिनसलं होतं, याला आधार आहे. मोगलांच्या ‘मआसिर-इ-आलमगिरी’त त्या भांडणाचा उल्लेख येतो. पण भांडण होतं, म्हणून त्यांनीच वाट दाखवली, ही पुढची उडी आहे. त्या उडीखाली समकालीन भक्कम कागदाचा आधार नाही. फितुरी झालीच नसेल असंही मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की एखाद्या घराण्याकडे नाव घेऊन बोट दाखवायचं तर पुरावा त्या तोलाचा पाहिजे. चित्रपट आल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकांनी त्यांची माफी मागितली. आम्ही आडनाव घेतलं नव्हतं, असंही त्यांनी सांगितलं. आडनाव न घेता महाराष्ट्रात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

नुकसान फक्त शिर्क्यांचं झालं असं नाही. फितुराची गोष्ट सांगितली की मुकर्रबखानाचा तो धाडसी वेगवान मारा गोष्टीतून गळतो. औरंगजेब स्वतः दख्खनेत येऊन बसल्याला सात-आठ वर्षं झाली होती, विजापूर १६८६ ला आणि गोवळकोंडा १६८७ ला पडलं होतं, त्यामुळे मोगलांची सगळी ताकद आता एकाच शत्रूवर मोकळी झाली होती, हेही गळतं. आणि मग प्रेक्षक घरी काय घेऊन जातो? आपण हरलो ते आपल्यातल्या एका माणसामुळे. हे उत्तर समाधान देणारं आहे म्हणूनच धोक्याचं आहे.

गंमत बघा, हेच संभाजीराजे शंभर-दीडशे वर्षं मराठी रंगभूमीवर कसे होते? व्यसनी, बेताल. ही प्रतिमा मुख्यतः मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतून आली. ती बखर राजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळानं लिहिलेली, आणि लिहिणारे कोण? ज्या बाळाजी आवजींना संभाजीराजांनी देहदंड दिला, त्यांच्या वंशातले. तेव्हाही कारण म्हणून एक माणूसच होता, फक्त तो माणूस म्हणजे खुद्द राजे होते. राज्य संकटात का आलं? राजा वाईट म्हणून. वा. सी. बेंद्र्यांनी कित्येक वर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६० साली चरित्र लिहिलं, पुढे कमल गोखल्यांनी संशोधन केलं, तेव्हा ते चित्र बदललं. शिवाजी सावंतांची कादंबरी त्यानंतरची, आणि चित्रपट त्या कादंबरीवर. म्हणजे आज पडद्यावर राजांना बघून जो अभिमान वाटतो, त्याच्या मुळाशी दप्तरखान्यात धूळ खाणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्यावर कुणी चित्रपट काढणार नाही, हे उघड आहे. कागद वाचणाऱ्या माणसाला क्लोज-अपमध्ये किती वेळ दाखवणार?

म्हणजे फितूर दाखवायचाच नाही का? दाखवायचा की. जिथं तो कागदात आहे तिथं दाखवायचा. जयू आणि नचिकेत पटवर्धनांचा ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट आहे, १९७९ चा. नावच एक तारीख. त्या दिवशी व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा समारंभ पुण्यात होता. गणेशखिंडीतून परतताना रँडवर आणि आयर्स्टवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. सरकारनं वीस हजारांचं बक्षीस लावलं, आणि द्रविड बंधूंनी माहिती दिली. याची नोंद आहे, खटले आहेत. पुढे द्रविड बंधूंनाही मारलं गेलं आणि त्यासाठी आणखी फाशा झाल्या. इथं फितुरी हा पुराव्यानिशी सिद्ध झालेला प्रसंग आहे. पण मला तो चित्रपट आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. त्यात चापेकरांना आजच्या मापानं शिवलेला सदरा घातलेला नाही. ते कडवे सनातनी होते, सुधारकांवर त्यांचा राग होता, प्लेगच्या काळात गोरे सोजीर घरात घुसतात याचा संताप आणि धर्म बुडतोय याचा संताप, दोन्ही त्यांच्यात एकत्र होते. चित्रपट ते तसंच ठेवतो. मग प्रेक्षकाला थोडं अवघडल्यासारखं होतं. होऊ द्यावं.

‘आनंदी गोपाळ’बद्दल थोडक्यात बोलतो, कारण मला मराठवाड्याकडे यायचंय. २०१९ चा चित्रपट, समीर विद्वांसांचा. चांगला आहे, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आनंदीबाईंच्या आयुष्यात एक असा योगायोग आहे, की तो लेखकानं रचला असता तर आपण त्याला हसलो असतो. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र एका मासिकात छापलं जातं, आणि न्यू जर्सीतल्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसलेल्या असताना ते मासिक त्यांच्या हाती पडतं. त्यातून सगळं पुढचं घडलं. खरा इतिहास असा बेफाम असतो, त्याला मसाला लागत नाही. पण त्याच इतिहासात आनंदीबाईंची अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेली पत्रंही आहेत, आणि त्यांत लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण आहे. ती तक्रार आहे आणि हिशेबही आहे. चित्रपटात गोपाळरावांचा राग येतो, पण पारडं झुकतं ते प्रेमकथेकडे. ती डॉक्टर का झाली? नवऱ्याच्या हट्टामुळे आणि त्याच्या प्रेमामुळे, असं उत्तर मनात राहतं. आणि २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात अठराव्या वर्षी उभी राहून, मी अमेरिकेला का जाते, याची कारणं स्वतःच्या तोंडानं एकेक करून सांगणारी आनंदीबाई थोडी मागे सरकते. बोटीतही ती नवऱ्याशिवाय चढली होती. कारण तिनंच सांगून ठेवलेलं असताना आपण दुसऱ्याला ते द्यावं, हे मला खटकतं.

बरं. आता आपल्याकडे येऊ.

तुम्ही बसलाय तो परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे सोळा जिल्हे. आठ तेलुगू, तीन कानडी आणि पाच मराठी: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. यावर चित्रपट आलेत. २०१५ मध्ये ‘रझाकार’ नावाचा मराठी चित्रपट आला. २०२४ मध्ये त्याच विषयावर तेलुगूत मोठा चित्रपट आला, तो इतर भाषांतही फिरला, मोबाइलवर त्याचे तुकडे तुम्ही पाहिले असतील. रझाकारांनी अत्याचार केले याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही, कुणी ठेवूही नये. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला १९४६ मध्ये गोविंदराव पानसऱ्यांना मारलं. बीदरकडच्या गोरट्यात मे १९४८ मध्ये काय झालं, ते तिकडची माणसं अजून सांगतात. तुमच्या घरातही ‘रझाकाराच्या काळात’ अशी सुरुवात करून सांगितलेल्या गोष्टी असतील. कुणी रातोरात गाव सोडलं, कुणी दागिने विहिरीत टाकले. हे पडद्यावर यायलाच पाहिजे होतं, आणि उशिरा आलं.

माझा प्रश्न पुन्हा तोच, कारणाचा. या चित्रपटांतून दिसतं काय? एकीकडे कासीम रझवी, दुसरीकडे सरदार पटेल. एक क्रूर माणूस, एक पोलादी माणूस. मग १३ सप्टेंबरला सैन्य येतं, १७ ला निजाम शरण, तिरंगा वर, चित्रपट संपला. या मांडणीत जिंतूर, परतूर, सेलू, वसमत इथल्या माणसांना काम उरतं ते एकच, मार खाण्याचं. बाकी सगळं दिल्लीतून होतं.

आणि कागद काय सांगतो? महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ ला परतूरला झालं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. सभा घ्यायला सरकारची परवानगी लागायची, ‘गश्ती निशान ५३’ नावाचं फर्मान होतं. उच्च शिक्षण उर्दूतून. १९३८ ला उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढलं, त्यांना नागपूर विद्यापीठानं घेतलं. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू. १९३८ पासून सत्याग्रह, तुरुंग, पुन्हा सत्याग्रह. १९४७ च्या लढ्यात लोकांनी काय केलं? शिंदीची झाडं तोडली. का? शिंदीवरची अबकारी हा निजामाच्या तिजोरीचा मोठा आधार होता. करोडगिरीचे नाके जाळले, तेही त्याच हिशेबानं. हद्दीपलीकडे वऱ्हाडात, उमरखेडसारख्या ठिकाणी कँप उभे केले आणि तिथून आत येऊन कारवाया केल्या. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली, लाखोंची रक्कम चळवळीसाठी नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. सांगा मला, पटकथा लिहिणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे?

पण शिंदीचं झाड तोडणं पडद्यावर दिसायला कसं दिसणार? एक माणूस रात्री कुऱ्हाडीनं झाड तोडतोय. ना घोडा, ना तलवार. अबकारी म्हणजे काय ते समजवायला पाच मिनिटं जाणार. म्हणून ते जातं. आणि ते गेलं की लढा लढणारी माणसं जातात. दगडाबाई शेळके जातात, ज्यांनी जालन्याकडच्या भागात हातबॉम्ब टाकले. शोएबुल्ला खानही जातात किंवा एखाद्या दृश्यापुरते उरतात. हैदराबादेत ‘इमरोज’ नावाचं उर्दू दैनिक चालवणारा तरुण संपादक. संस्थान भारतात सामील झालं पाहिजे, असं लिहायचा. त्याच ऑगस्टमध्ये सात प्रतिष्ठित मुसलमान नागरिकांनी विलीनीकरणाच्या बाजूनं निवेदन काढलं होतं. ऑगस्ट १९४८ मध्ये शोएबुल्ला खानांना रस्त्यात गाठून मारलं, ज्या हातानं लिहायचे तो हात तोडला. पूर्ण चित्रपटाचा नायक होईल असा माणूस आहे हा. पण त्याला मधोमध उभं केलं की लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा सरळ राहत नाही. तो संस्थान विरुद्ध प्रजा असा होतो, जसा स्वामीजी आयुष्यभर सांगत राहिले.

शेवटाकडे बघू. चित्रपट १७ सप्टेंबरला संपतो. निजामानं पटेलांसमोर हात जोडलेला तो फोटो तुम्ही पाहिलाय. पुष्कळ ठिकाणी तो ‘शरणागतीचा क्षण’ म्हणून छापतात. तो बेगमपेठच्या विमानतळावरचा आहे, फेब्रुवारी १९४९ चा. शरणागतीनंतर पाच महिन्यांनी पटेल हैदराबादला आले तेव्हाचा. आणि त्या निजामाचं पुढं काय झालं? २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. भारत सरकारनं नेमलेला. खलनायक शेवटी राजप्रमुख होतो, अशी पटकथा घेऊन कुणी निर्मात्याकडे गेला तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही.

दुसरी गोष्ट जड आहे, पण जिंतूरमध्ये बोलायची नाही तर कुठं बोलायची? सैन्य आल्यानंतर अनेक गावांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता तेही त्यात मेले. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती पाठवली. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते गावोगाव फिरले. सर्वांत जास्त होरपळलेले जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावं दिली, आणि मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. अंदाजावर वाद आहे, तो घालावा. पण त्याच अहवालात जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची उदाहरणंही आहेत. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. म्हणजे पहा, अर्जापूर आणि गोरटा आधी लोकांच्या आठवणीत राहिले आणि उशिरा पडद्यावर आले. सप्टेंबरनंतरचे आठवडे अजून आलेलेच नाहीत. एक दुःख दाखवलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. पण आपल्याकडे प्रेक्षकाला एकाच वेळी दोन दुःखं झेपत नाहीत, असं निर्मात्यांनी गृहीत धरलेलं दिसतं. मला काही ते पटत नाही. ज्या गावांनी दोन्ही भोगली आणि पंचाहत्तर वर्षं एकाच पाणवठ्यावर काढली, त्यांना झेपेल.

आणि याच संस्थानावर वेगळा चित्रपट निघाला होता, ‘मा भूमी’. गौतम घोष यांचा, १९७९ चा, तेलुगू. कृष्ण चंदर यांच्या कादंबरीवर आधारलेला, तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या लढ्यावर. त्याची स्वतःची राजकीय बाजू आहे, ती सर्वांना पटेल असं नाही. पात्रंही कल्पित आहेत. पण तो सैन्य आल्यावर संपत नाही. जमीन कुणाची, वेठ कुणी करायची, हा प्रश्न पुढेही चालू राहतो. म्हणजे नावं खोटी, पण कारण जागेवर. उलट काही चित्रपटांत नावं, तारखा, गणवेश सगळं खरं आणि कारण हललेलं. यातला कोणता जास्त इतिहास सांगतो, हे तुम्ही ठरवा. माझं मत तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

तुमच्याच भागातले नरहर कुरुंदकर. कुरुंदा आता हिंगोली जिल्ह्यात गेलं, पण तेव्हा परभणीतच. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून त्यांचं लांबलचक पत्र आहे. कादंबरीकाराला इतिहासाच्या माणसानं लिहिलेलं. ते जरूर वाचा. त्यांचा भर लढायांपेक्षा राज्याच्या घडणीवर होता. आणि त्यांच्या हैदराबादवरच्या पुस्तकाचं नाव बघा, ‘हैदराबाद: विमोचन आणि विसर्जन’. विमोचन १९४८ चं. विसर्जन १९५६ चं, संस्थानाचे तीन तुकडे होऊन भाषेप्रमाणे ते वाटले गेले तेव्हाचं. चित्रपटांनी फक्त पहिला शब्द घेतला.

एक विनंती आहे, ती तरुण मंडळींना. १९४८ ला जो दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या आसपास आहे. तुमच्या गावात असं कुणी असेल तर मोबाइल काढा आणि बोलतं करा. एकच पथ्य पाळा. आधी त्यांना चित्रपटाचा तुकडा दाखवू नका. मुलाखती घेणारे कुणीही तुम्हाला सांगतील, माणूस सिनेमा पाहिल्यावर आपल्या आठवणीत सिनेमातली दृश्यं घालतो, आणि त्याला ते कळतही नाही. ‘रझाकार आले तेव्हा काय झालं’ एवढंच विचारू नका. त्या साली पाऊस कसा होता, लेव्हीला धान्य किती गेलं, हाली सिक्का कधी बंद झाला, गावातली कोणती घरं कुणी सांभाळली, कोणती रिकामी झाली, हे विचारा.

वेळ संपत आलाय. इकडून एक चिठ्ठी आलीय. मोठ्यानं वाचतो. ‘चित्रपटात पोलीस ॲक्शन म्हणतात आणि रणगाडे दाखवतात. यातलं खरं काय?’

फार चांगला प्रश्न. दोन्ही खरं आहे. रणगाडे आले होते. चिलखती डिव्हिजन होती, मेजर जनरल जे. एन. चौधरी नेतृत्व करत होते, सोलापूरकडून नळदुर्गमार्गे मुख्य फौज आत शिरली. लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’. मग पोलीस कारवाई का म्हटलं? कारण हैदराबादनं आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली होती, आणि १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये त्यावर बैठकही झाली. हे दोन देशांमधलं युद्ध आहे असं जगानं म्हणू नये, हा आमच्या घरातला बंदोबस्ताचा प्रश्न आहे, असं भारताला सांगायचं होतं. तो शब्द विचार करून निवडलेला होता. आणि आपल्याकडे बघा, म्हातारी माणसं नुसतं ‘ॲक्शन’ म्हणतात. ‘ॲक्शनच्या आदल्या साली लग्न झालं’, ‘ॲक्शननंतर वावर घेतलं’. आता ज्या चित्रपटात रणगाडे आहेत आणि कुणीतरी ‘पोलीस’ हा शब्द का, असं विचारतं, आणि पॅरिसमधल्या त्या बैठकीचं एक मिनिटाचं दृश्य येतं, तो मला बघायला आवडेल. पाचच दिवस चाललेल्या कारवाईत हैदराबादची बाजू मांडणारे पॅरिसला बसलेले आणि दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला संध्याकाळी, निजाम रेडिओवर बोलतो. तिकडे फाइल उघडतेय आणि इकडे प्रकरण मिटतंय. हे सगळं कागदावर आहे, कल्पनेतून काही घालावं लागणार नाही.

अजून कुणाचा प्रश्न आहे? नाही? बरं, मग थांबतो.